पठारावरचा अंधार

शहरापासून दोन तासांवर इतका गडद अंधार सापडला म्हणून मृणाल हरखली होती. “आकाशदर्शनाचा गट इथंच आणू,” असं ती नवऱ्याला, यशोधनला, सांगत होती, तेवढ्यात चोरून मुरूम उपसणारे दोघं बॅटरी घेऊन आले.

“शूटिंग करता काय आमचं?” म्हणत एकानं दुर्बीण लाथेनं पाडली आणि यशोधनला खाली लोळवून तुडवायला सुरुवात केली. दुसऱ्यानं मृणालच्या तोंडावर बॅटरीचा झोत मारला. अंधाराला सरावलेली नजर जपायची म्हणून तिनं सवयीनं एक डोळा घट्ट मिटला, दुर्बिणीची सुटलेली तिवई उचलली आणि बॅटरीवर हाणली.

काच फुटली. उजेडाला सरावलेले ते दोघं आंधळ्यासारखे चाचपडू लागले. मृणालनं मिटलेला डोळा उघडला. चांदण्यांच्या उजेडात तिला नवऱ्याचं रक्ताळलेलं तोंड दिसलं. तुडवणाऱ्याच्या गुडघ्यावर तिनं तिवई घातली, तसं हाड कडकन मोडलं. दुसरा ठेचकाळत पळाला.

“मृणाल, बस झालं. चल,” यशोधन कण्हत म्हणाला.

पडलेला माणूस हात जोडून समोरच्या रिकाम्या अंधाराला विनवत होता, “ताई, नका.” ती त्याच्या पाठीमागे उभी होती. तिथूनच तिनं पुन्हा मारलं.