ठराव कोण मांडणार

"सबीना, तू जरा भायर रव गो," गटप्रमुख दाजी म्हणाले.

सबीना उठली आणि जाळी ठेवायच्या मांगराबाहेर गेली. गटाची रीतच होती तशी. एका कामाला दोन नावं निघाली की त्या दोघांनी एकेक करून बाहेर जायचं, म्हणजे आतल्यांना मोकळेपणाने बोलता येतं. दाजींना या रीतीचा कोण अभिमान!

मोठ्या पक्षातला हा छोटासा समाजवादी गट. पक्षाने गरिबांना विसरू नये म्हणून आतल्या आत चिमटे काढत राहणारा. कणकवलीला पक्षाचं जिल्हा अधिवेशन भरणार होतं. तिथे ट्रॉलरबंदीचा ठराव मांडायचा होता. गटाचे ठराव आजवर मासेवाली शेवंतीच मांडायची. दुसरं नाव कधी निघालंच नाही, त्यामुळे तिला कधी बाहेर जावंही लागलं नाही. आणि यंदा ही सबीना! शाळेतली बाई. काल गटात आली आणि आज सगळे तिच्या भाषणांवर फिदा. शेवंतीचा नुसता जळफळाट होत होता.

"बोला," दाजी म्हणाले.

शेवंती बोललीच. "तिका माशांचो वास सोसणा नाय. माझ्या टोपलीकडे येता ती नाकाक रुमाल लावन. ती मांडतली आमचा दुखणा?"

रुमालाचं तिने तिथल्या तिथे रचलं होतं. पण दोनचार माना डोलल्या. शेवंतीला काय गार वाटलं!

सबीना आत आली. नेहमीसारखीच हसली. "आता तुमी, मावशी."

शेवंती बाहेर येऊन माडाला टेकली. आत कोणीतरी काडी ओढली, तीही ऐकू आली. मांगराला भिंत कुठली, नुसता झावळ्यांचा कूड. मग गटातल्या गुरुदासचा आवाज आला, अगदी कानाशी बसल्यासारखा.

"शेवंती म्हातारी झाली. माईक गावलो की सोडणा नाय. सबीनाचाच नाव धरूया."

"होय, होय!" बरेच जण एकदम बोलले.

इतकी वर्षं, आणि एका दमात संपली?

"तुझा काय म्हणणा गो, सबीना?" दाजींनी विचारलं.

आता ती काय बोलणार, ते शेवंतीला पक्कं ठाऊक होतं. तिच्या जागी आपण असतो तर जे बोललो असतो, तेच. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"जरा हळू बोला, दाजी," सबीना म्हणाली. "भायर सगळा आयकाक येता."