भुतांचा दिवाळी सिनेमा

बायको शिवकन्या गेल्यानंतरची ही पहिलीच दिवाळी. तिच्या आवडीची भुतांच्या कुटुंबाची विनोदी मालिका, भुतं बंगल्यात अडकलेली असतानाच बंद पडली होती. आज तेच जुने कलाकार टीव्हीवरच्या सिनेमात परत येणार होते. भुतं सुटतात का, हे रामकिशनला तिच्यासाठी बघायचं होतं.

पण मेव्हणी तनुजाने टीव्हीवर चादर टाकली. "दुखवट्याच्या घरात सिनेमा? लातुरात तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई, दाजी. बसा गुमान."

भेटायला येणाऱ्यांसमोर तो शिवकन्येच्या फोटोखाली बसून राहिला. उठायची सोय नव्हती. आतल्या खोलीत मात्र पाहुण्यांनी मोबाइलवर तोच सिनेमा लावला होता. दाबलेलं हसू बाहेर ऐकू येत होतं.

तेवढ्यात हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पदराने पुसत तनुजा बाहेर आली. औशाहून आलेल्या आत्याबाईंनी तिला पोटाशी धरलं. "नको गं रडू. लई जीव होता तुझा बहिणीवर."

रामकिशनने हळूच विचारलं, "सुटली का?"



आत्याबाईंच्या खांद्यावरून तनुजा कुजबुजली, "न्हाई अजून, दाजी. जाहिराती लागल्यात."