बांधावरचा पळस

"जावईबापू, बांधावरचा पळस फुलल्याशिवाय थंडी गेली असं आमच्या गावात कोणी मानत नाही. तोवर बाळंतीण आणि बाळ सासरी निघत नाहीत." सासऱ्यांनी, सोमाजींनी, तिसऱ्या खेपेलाही तेच सांगितलं.

जावयाने कपाळावरचा घाम पुसला. "मामाजी, आमच्याकडचे पळस फुलून आठवडा झाला!"

"तुमच्याकडचे उतावळेच."

चहा झाल्यावर सोमाजी बैलांना पाणी पाजायला म्हणून निघाले. थोड्या वेळाने जावईही बांधाकडे गेला. सासरेबुवा टाचा उंचावून आकडीने पळसाच्या कळ्या पाडत होते. खांद्यावर नातीचं दुपटं तसंच राहिलं होतं.

नजरानजर होताच त्यांच्या हातून आकडी सुटली.

जावयाने ती उचलून परत त्यांच्या हातात दिली. "वरची फांदी राहिली, मामाजी. मी पुढच्या रविवारी येतो."