केरूच्या हातातला दोर

“केरू निर्दोष निघू दे,” श्यामसुंदर म्हणाले. “दिवाळी अंकात. एवढं एक काम कर माझं.”

दीप्तीने पेन खाली ठेवलं. ‘दर्याजित’ कॉमिकचं लेखन तिच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि समोर बसलेल्या माणसाने ते चाळीस वर्षांपूर्वी सुरू केलं होतं. जुने लेखक नव्यांना भेटायला येतात ते कान उपटायला, अशी तिची समजूत होती. मागच्याच अंकात तिने दर्याजितला चहा पाजला, तर वाचकांनी तिला सोलून काढलं होतं. दर्याजित चहा पीत नाही. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहायचं तर भिंती पाडायच्या नाहीत.

आणि आता घरमालकच हातोडा घेऊन आला होता.

“सर, केरू खलनायक आहे,” ती म्हणाली. “पहिल्या अंकापासून. त्याने दोर सोडला, दर्याजितची बहीण बुडाली, म्हणून तर दर्याजित घडला. ते काढलं तर उरतं काय?”

“माझा भाऊ उरतो.”

त्यांनी काचेच्या दाराबाहेर पाहिलं. अंधेरीतल्या त्या गाळ्याच्या पॅसेजमध्ये एक म्हातारा प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होता. मांडीवर श्यामसुंदरांची पिशवी, मान जराशी डावीकडे कललेली. ती मान दीप्तीने लहानपणापासून शेकडो पानांवर पाहिली होती.

“अनंत. माझा थोरला भाऊ,” श्यामसुंदर म्हणाले. “कांदिवलीला तेव्हा दगडाच्या खदानी होत्या, पाण्याने भरलेल्या. आम्ही तिघं भावंडं गेलो होतो. सुनंदा टायरच्या ट्यूबमध्ये बसली होती, दोर बांधून. दोर याच्या हातून सुटला. घरी येऊन वडिलांना यानेच सांगितलं. वडील मरेपर्यंत याच्याशी बोलले नाहीत.”

“म्हणजे ते खरं आहे.”

“खरंच आहे. पण अकरा वर्षांचा पोरगा होता तो. आणि मी मोठा झाल्यावर काय केलं? त्याचा केरू केला. मान तिरकी काढायला चित्रकाराला मीच सांगितलं. घाटकोपरला आमच्या चाळीत पोरं त्याला केरू म्हणायला लागली. लग्न ठरत होतं त्याचं, तर मुलीच्या भावाने अंक आणून दाखवला.” त्यांनी पुन्हा दाराबाहेर पाहिलं. “सकाळी माझ्या गोळ्या तोच काढून देतो, दीप्ती. रोज. मला लाज वाटते गं.”

शेजारच्या टेबलावर निहार चित्रं काढत होता. त्याचा हात थांबला. “केरूला निर्दोष सोडलं तर वाचक आपली वाट लावतील यार,” तो हळूच म्हणाला.

दीप्तीने कपाटातून पहिला अंक काढला. “चौथ्या पानावर त्याची उघडी मूठ आहे, सर. अगदी जवळून. आणि काठावर दोघंच आहेत, दर्याजित आणि केरू. केरूने दोर सोडला नाही, तर मग कोणी सोडला?”

“गाठ सुटली म्हण. साप निघाला म्हण. तुम्ही नवी मुलं, तुम्हाला सुचेल काहीतरी.”

“वाचक मानणार नाहीत. मीसुद्धा नाही मानणार.” बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज कडक वाटला. “सॉरी सर. पण तुम्हीच सांगायचात ना, पात्र एकदा ठरलं की त्याच्याशी बेइमानी करायची नाही?”

“हो,” श्यामसुंदर म्हणाले. “भाषणात मी तसंच सांगायचो.”

त्यांनी तो पहिला अंक मिटून ठेवला. निहारला राहवेना. जुन्या अंकांवर सह्या हव्यात, असं निमित्त काढून तो त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेला.

दीप्ती एकटीच बसून राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लहानपणी हातात पडलेल्या प्रत्येक अंकात तिने कंपासच्या टोकाने केरूचे डोळे फोडले होते. तो केरू आता बाहेर भावाची पिशवी सांभाळत बसला होता, आणि ती चौथ्या पानाचं धरून बसली होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसापुढे कसलं आलंय पान? एक अंक बिघडला तर काय आभाळ कोसळणार होतं?

ती चहाचा कप घेऊन पॅसेजमध्ये गेली.

“नको गो बाय, पित्त होतं,” अनंत म्हणाला. “झालं त्याचं? ऊन चढायच्या आत मुलुंडला घरी पोचायला हवं. त्याला सोसत नाही.”

“काका, सर कशासाठी आले होते, ठाऊक आहे तुम्हाला?”

“दार उघडंच होतं. ऐकलं सगळं. तू नाही म्हणालीस.”

“चुकलं माझं.” तिने कप स्टुलाजवळ खाली ठेवला. “मी लिहिते, काका. दोर केरूच्या हातात नव्हताच, असं लिहिते. लोकांच्या शिव्या खाईन मी.”

अनंत स्टुलावरून उठला. पिशवी खाली पडली, ती उचलायचंही त्याला सुचलं नाही. “असलं काही करू नको. आधी बोललीस तेच बरोबर होतं.”

“पण का? तुमचं नाव साफ होईल. आयुष्यभर सोसलंत तुम्ही.”

आतून श्यामसुंदरांचा आवाज येत होता. कुठल्याशा जुन्या अंकाची गंमत ते निहारला सांगत होते. अनंतने दार ओढून घेतलं.

“तू विचारलंस ना त्याला, मग कोणी सोडला म्हणून? उद्या सगळे तेच विचारतील. मग तोही विचारील.” त्याने दीप्तीचा हात घट्ट धरला. “पाच वर्षांचा होता गो तो. त्याला काही आठवत नाही.”