धाकट्याच्या गाडीची खोड

आपल्या ताकाला कुणी आंबट म्हणत नाही. चोइजिल म्हातारा मात्र मघापासून स्वतःच्याच दारातल्या मोटारसायकलीला नावं ठेवत होता, आणि तेही गिऱ्हाइकासमोर.

बैठक एवढी उंच की थांबताना पाय नीट टेकत नाहीत. वजन याकाएवढं, वाळूत आडवी झाली तर एकट्याच्यानं उठत नाही. इंजिन एकाच सिलिंडरचं, त्यामुळे सपाट माळावर जरा दामटली की अशी थरथरते की घरी पोचल्यावर हातात वाटी धरवत नाही. त्यात जुनी. कुणी परदेशी पाहुणा हिच्यावरून अर्धं जग हिंडला आणि इकडे गोबीच्या वाळवंटात आल्यावर हिला विकून विमानानं घरी गेला. त्याअर्थी त्यालाही विमानच बरं वाटलं, म्हातारा म्हणाला.

गोंबो इंजिनापाशी उकिडवा बसून ऐकत होता. खिंडीपलीकडचा तरुण मेंढपाळ. मोबदल्यात द्यायला दोन घोड्या घेऊन आला होता. त्याच्या बायकोला सहावा महिना लागला होता, दवाखाना दिवसभराच्या वाटेवर, आणि त्याची स्वतःची लहान गाडी दोघांच्या वजनानं खिंडीतल्या दगडांवर मोडून पडली होती. गाडी न्यायचीच असं ठरवून आलेला माणूस तो. एक सिलिंडर म्हणजे एकच दुखणं, तो म्हणाला, पान्हा आणि तार जवळ असली की रानात आपलं आपल्याला दुरुस्त करता येतं. पुढचं चाक मोठं आहे, दगडधोंडे ओलांडतं. टाकी भरली की तालुक्याला जाऊन परत. दोघं बसली तरी चढ चढते.

"काका, गाडी विकायला काढलीय की मला पळवून लावायला?"

म्हातारा हसला नाही. "बर्फात चालत नाही," तो म्हणाला.

बर्फाचं काय ते खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. हिवाळ्यातल्या वादळात घोड्यांचा कळप भरकटला, तेव्हा चोइजिलचा धाकटा मुलगा ही गाडी दारात ठेवून घोड्यावरून कळपामागं गेला होता. घोडा तेवढा परत आला. गेलेल्याचं नाव आमच्यात घेत नाहीत. गाडीच्या टाकीवर हात ठेवून गोंबो उभा राहिला.

गाडी विकायची हे ठरवलं होतं यंजमानं, म्हाताऱ्याच्या बायकोनं. चोइजिलनं तेव्हा मान डोलावली होती, पण आलेल्या प्रत्येकाला तो दोष सांगून सांगून वाटेला लावत होता. गाडी गेली की दारात काय उरणार, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

"बरं, एकदा चालू करून बघतो," गोंबो म्हणाला.

"व्हायची नाही चालू. हिला किक नाही, सगळी मदार बॅटरीवर. आणि बॅटरी थंडीनं मेली."

आतापर्यंतचा प्रत्येक दोष खरा होता. बॅटरी मेली हे मात्र खोटं होतं. घोड्याच्या सौद्यातसुद्धा कधी खोटं न बोललेला माणूस, त्याला ते धड जमलंही नाही. बोलता बोलता त्याची नजर तंबूच्या दाराकडे गेली.

आमच्याकडच्या थंडीत बॅटरी बाहेर राहिली तर सकाळी तिचा दगड होतो. म्हणून संध्याकाळी ती काढून आत चुलीजवळ ठेवायची. धाकटा हे कधी चुकवत नसे. तो गेल्यावर त्याची आई चुकवत नव्हती. गाडीला कुणी हात लावत नव्हतं, तरी यंजमा दिवसा बॅटरी सोलरवर लावायची आणि रात्री मुलाच्या अंथरुणाच्या जागी कातड्यात गुंडाळून ठेवायची. चोइजिल हे रोज बघत होता.

यंजमा दारातून बाहेर आली. नुकतं जन्मलेलं कोकरू धरतात तशी तिनं बॅटरी छातीशी धरली होती. नवऱ्याकडे न बघता ती गाडीपाशी गुडघे टेकून बसली आणि तारा जोडू लागली. लाल कुठली नि काळी कुठली, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

गोंबोनं बटण दाबलं. गाडी पहिल्या दमात सुरू झाली.

जनावर दुसऱ्याला देताना आमच्यात बाहीनं त्याचं तोंड पुसून घेतात, म्हणजे कळपाचं भाग्य त्याच्याबरोबर निघून जात नाही. चोइजिल पुढं झाला. डगल्याची बाही ओढून त्यानं गाडीच्या पुढच्या दिव्यावरची धूळ पुसली. धूळ गेली तरी तो पुसतच राहिला. शेवटी यंजमानं त्याचा हात धरून त्याला बाजूला घेतलं.

गोंबो गाडीवर बसला. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी बोलायचं तसं तो म्हणाला, "काकांनी सगळे दोष सांगितले. काकी, तुम्ही एखादा गुण तरी सांगा."

"सांगते की. हिचा ठोका दुरून ओळखू येतो. तू दोन टेकड्यांपलीकडे असलास तरी तुझ्या बायकोला कळेल. तू दारात पोचेस्तोवर तिचा चहा उकळून होईल."

"हा तर मोठाच गुण झाला."

"खोडही तीच," यंजमा म्हणाली. "हिवाळ्यापासून गाडी इथं अशी दारात उभी आहे बाबा. तरी रोज संध्याकाळी मला ती टेकडीमागून येताना ऐकू येते. आणि मी चहा टाकते."