लाल गाडी आणि अंतरपाट

“आई, जरा उतरतीस का?” रणधीरनं पुन्हा विचारलं, तेव्हा शालनताई पदर सावरत जमिनीला टेकलेल्या त्या लाल परदेशी गाडीतून कशाबशा बाहेर आल्या. समोर गतिरोधक होता. गाडीचं पोट घासलं, तर सुटा भाग इटलीहून येणार आणि एकराचा ऊस त्यात जाणार. इकडं भाचीच्या लग्नाचा मुहूर्त जवळ येत होता आणि अंतरपाट शालनताईंच्या पिशवीत होता.

हलकी झालेली गाडी तिरकी होऊन मुंगीच्या पावलांनी गतिरोधक चढू लागली. “तुझे बाबाही घाटात असंच म्हणायचे. त्यांच्या स्कूटरला आम्ही दोघं झेपायचो नाही. मी चालत वर पोचेपर्यंत ते ओंजळभर करवंदं तोडून ठेवायचे.”

“ही ताशी तीनशेनं पळते, आई.”

“कुठं?”

हॉलच्या दारापर्यंत आणखी गतिरोधक दिसत होते. पिशवी काखेत मारून शालनताई चालू लागल्या.

आत भटजी घड्याळ बघत होते. अंतरपाट घेताघेता बहिणीनं विचारलं, “चालत आलीस? तुझ्या पोराची ती कोटीची गाडी कुठाय?”

“मागं राहिली,” शालनताई घाम पुसत म्हणाल्या. “ह्यांची स्कूटर निदान पुढं जाऊन थांबायची.”