लाल ठिपका

शॉवरचे नळ निवडताना अण्णांनी दुकानातला एकेक नळ चाचपून, फिरवून पाहिला. लेकाचा जीव नुसता मेटाकुटीला आला.

सगळं बसवून झालं आणि प्लंबरने कपाळाला हात लावला. "साहेब, पाइप उलटे जोडले गेले. गरम पाणी डावीकडे हवं, ते उजवीकडे आलंय. दोन टाइल्स फोडून बदलून देतो."

"आता पुन्हा फोडाफोडी नको रे बाबा! नळांवर लाल-निळे ठिपके तर बरोबर आहेत की. तेवढं कुणालाही कळतं." प्लंबरला वाटेला लावून लेकाने हौसेने हाक मारली, "अण्णा, गिझर चांगला तापलाय. पहिल्या आंघोळीचा मान तुमचा!"



डोळे गेल्यापासून हातांच्या सवयीवर वावरणाऱ्या अण्णांनी गार पाण्यासाठी उजवा नळ पुरता सोडला, तेव्हा लाल ठिपका त्यांच्या बोटांखालीच होता.